तेवढ्यानं काय हुतंय

कोल्हापुरात शुगर असलेला माणूस ओळखायचा असेल तर त्याचा आवाज ऐकावा. हॉटेलात टेकल्या टेकल्या तो 'एक बिनसाखरेचा!' असं गल्ल्यावरच्या मालकापासून आत कपबश्या विसळणाऱ्या पोरापर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणतो. त्या आवाजात संयम असतो, थोडी ऐट असते आणि शेजारच्या टेबलावर दोन चमचे साखर ढवळणाऱ्याबद्दल किंचित कीवही असते. मग तोच माणूस पुढं वाकतो आणि निम्म्या आवाजात विचारतो, 'भजी गरम हायत काय?'

या दोन वाक्यांत त्याला काही विसंगत वाटत नाही, कारण आमच्या गावच्या वैद्यकशास्त्रात दोन्ही चपखल बसतात. शुगर हा गोडाचा आजार. गोडाच्या उलट तिखट. म्हणजे तिखट जेवढं जास्त तेवढा गोडाचा जोर कमी. एवढा सरळ हिशेब डॉक्टर मंडळींच्या ध्यानात कसा येत नाही, याचं इथं पुष्कळांना नवल वाटतं. कारल्याचा रस, मेथीचे दाणे, जांभळाच्या बियांची पूड ही कडू-तुरट मंडळीही याच पंथातली. माझ्या माहितीतले एक गृहस्थ कारल्याच्या पातळ चकत्या डाळीच्या पिठात बुडवून तळून घेतात आणि औषध म्हणून ताटलीभर खातात. खाताना चेहरा मात्र औषध घेतानाचाच ठेवतात.

गोड सोडणं आम्हांला तसं जड जात नाही. बाहेरच्यांना वाटतं, चहूबाजूंनी ऊस, हंगामात गुऱ्हाळांचा घमघमाट, गुळाला २०१४ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन. अशा मुलखात गोड वर्ज्य झालेल्या माणसाचं काय होत असेल? काही होत नाही. गोड सोडण्याचा छान समारंभ करता येतो. लग्नाच्या पंगतीत जिलेबी आली की ताटावर दोन्ही हात आडवे धरायचे, 'नको, आपल्याला चालत नाही,' म्हणायचं. वाढप्यानं आग्रह करायचा, आपण पुन्हा मान हलवायची आणि शेजारच्या पाटावरच्यानं 'शुगर हाय व्हय? कधीपास्नं?' असं आस्थेनं विचारायचं. अर्धी पंगत आपल्याकडं आदरानं बघत असते. तळणीच्या बाबतीत ही सोय नाही. 'मी वडा खात नाही' असं इथं कुणी म्हणालं तर त्याला आदर मिळत नाही. घरात काही वाजलंय का, धंद्यात खोट आलीय का, अशी चौकशी सुरू होते.

त्यात आमचा वडाही मुंबईच्या वड्यासारखा पावात दडून येत नाही. बशीत उघडा बसतो, बाजूला ब्रेडच्या जाड स्लाइस, वर मिठातली मिरची. नाहीतर सरळ तर्रीत, म्हणजे आमच्या कटात, बुडून कटवडा म्हणून समोर येतो. मिसळीलाही ब्रेडच. म्हणजे मटकीची उसळ हा त्या ताटातला एकमेव सज्जन प्राणी. तिच्या डोक्यावर मूठभर तळलेलं फरसाण आणि बगलेत मैद्याच्या चार स्लाइस. शुगरवाल्यानं उसळ जास्त मागून घ्यावी, फरसाण बाजूला काढावं आणि ब्रेड एकावर थांबवावा, हे मिसळवाल्याला सांगता येतं. 'फरसाण येगळं द्या' म्हणायचं. तो वेगळं देतो. वेगळं दिलेलं फरसाण पुढं कुठं जातं हा ज्याच्या त्याच्या इमानाचा प्रश्न.

आणि या सगळ्यावर मात करणारं आमचं एक वाक्य आहे: 'तेवढ्यानं काय हुतंय!' ते यजमान म्हणतो, मित्र म्हणतो, गाडीवाला म्हणतो, मेहुणा तर हमखास म्हणतो. यातल्या 'तेवढ्या'ला माप नाही. एका भज्याला ते लागू पडतं, प्लेटीला लागू पडतं आणि शनिवार-रविवार पन्हाळ्यावर काढून आलं की दोन दिवसांच्या मिळून खाण्यालाही लागू पडतं. त्यावर कुणी कुरकुर केलीच तर हुकमाचं पान बाहेर येतं, ते म्हणजे आज्जा. 'आमचा आज्जा रोज चार वडं खायचा. नव्वदीत गेला. गोळी कशाला म्हणत्यात ठाऊक नव्हतं.' असा एक आज्जा इथं घरटी असतो. तो पहाटे तालमीत जोर मारायचा, दिवसभर शाहूपुरीच्या गूळ बाजारात तीस-तीस किलोचे रवे उचलायचा आणि शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या खासबाग मैदानाच्या तांबड्या मातीत अंग रगडून घ्यायचा, हा भाग नातू सांगत नाही. नातवाचा खासबागेशी संबंध मैदानाबाहेरच्या खाऊगल्लीपुरता.

आज्जा नसेल तर अंगलट पुढं करतात. 'माझ्याकडं बघा, हाय का कुठं पोट? आपल्याला काय शुगर हुतीया!' या मंडळींसाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो प्रत्येक भज्याच्या गाडीवर लावला पाहिजे. २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात तो छापून आला. शेजारी शेजारी दोन डॉक्टर, एक याज्ञिक, दुसरे त्यांचे इंग्लिश सहकारी जॉन युडकिन. उंची-वजनाचा मेळ घालून काढतात तो बीएमआय दोघांचाही अगदी एकच, २२.३. बघायला दोघंही सडसडीत. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. आपण आतून गुबगुबीत असतो आणि शर्टाला ते कळत नाही. भज्याला कळतं.

आता भज्याकडेच येऊ. रंकाळ्याच्या कडेला एका मावशींची गाडी आहे. मी तिथं पुष्कळदा नुसता बघत उभा राहतो, आणि हे मी घरीही खरंच सांगतो. मावशी कांदा चिरत नाहीत, त्याचे लांब दोरे काढतात, मीठ लावून सोडून देतात. कांद्याला सुटलेल्या पाण्यात मावेल तेवढंच डाळीचं पीठ, ओवा, तिखट, थोडी कोथिंबीर. तेल तापलं का हे बघायला पिठाचा एक थेंब टाकतात. तो तळाशी जाऊन लगेच वर आला की मान हलवतात. मग चार बोटांनी तो कांदा कढईत असा विस्कटून सोडतात की पडताक्षणी त्याला खेकड्याचे पाय फुटतात. पहिल्यांदा मोठा आवाज, भरपूर बुडबुडे. हळूहळू आवाज बारीक होत जातो. मावशी कढईकडं फारसं बघतच नाहीत, गिऱ्हाइकाशी बोलत असतात. आवाज एका ठरावीक पट्टीला उतरला की झारा आपोआप आत जातो.

ते बुडबुडे तेलाचे नसतात, कांद्यातल्या आणि पिठातल्या पाण्याची वाफ बाहेर पडत असते. वाफ जोरात बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला वाव नसतो. कढईत खळखळणारं भजं त्या मानानं निर्दोषच म्हणायचं. घोळ होतो तो बाहेर काढल्यावर. वाफ थांबते, आतली पोकळी निवू लागते आणि अंगाला चिकटलेलं तेल ती पोकळी आत ओढून घेते. जास्तीत जास्त तेल भजं पितं ते कढईत नव्हे, ताटलीत. आपण त्याच्याकडं प्रेमानं बघत असतो तेव्हा. म्हणून झाऱ्यात नीट निथळून लगेच कागदावर टिपून घेतलेलं भजं आणि घाईनं ढीग केलेलं भजं यांत खरोखर फरक असतो. कागद मात्र वर्तमानपत्राचा नको. त्याची शाई पोटात जाते म्हणून अन्नसुरक्षावाल्यांनी तो केव्हाच नको म्हटलाय. तेल नीट तापलेलं नसेल तर भजं आणखी पितं आणि पिठात सोडा जास्त पडला तर विचारूच नका. फुललेलं, हलकं, तोंडात विरघळणारं भजं खाऊन आपण वा म्हणतो, ते सगळं हलकेपण तेलानं भरलेलं असतं. मावशी सोडा घालत नाहीत. त्यांची भजी जरा कडक लागतात, म्हणून गर्दी पलीकडच्या गाडीला जास्त.

मावशींना स्वतःला शुगर आहे. गल्ल्याच्या डब्यात सुट्या पैशांच्या खाली गोळ्यांची पट्टी असते. 'तुमी खात न्हाई व्हय?' असं विचारलं तर म्हणाल्या, 'दिसभर वास घेऊन घेऊन जीव इटतोय वो. मला भाकरीच बरी लागतीया.' तळणीवर एवढा रामबाण इलाज मला अजून कुणी सांगितलेला नाही. पण त्यासाठी वीस वर्षं कढईपुढं उभं राहावं लागतं.

हरभऱ्याचं पीठ तसं शुगरला फार वाईट नाही, मैद्यापेक्षा तर कितीतरी बरं. त्यातली साखर रक्तात सावकाश उतरते. बटाटा आणि ब्रेड यांना एवढा धीर नसतो. पण तेलाची एक गंमत आहे, आणि ती पुष्कळ शहाण्यांना चकवते. तेलकट पोटात गेलं की जठर आपलं काम रेंगाळत करतं. त्यामुळं खाल्लेल्याची साखर उशिरा वर येते आणि आली की लवकर उतरत नाही. रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्या आमच्या ग्रुपमधले एक जण घरचं मशीन खिशात घेऊन फिरतात. वडा-ब्रेड खाल्ल्यावर घड्याळ लावून बरोबर दोन तासांनी बोट टोचलं, आकडा बरा आला, आणि त्यांनी चौपाटीवर जाहीर केलं की वड्यानं शुगर वाढत नाही, हे सिद्ध झालंय. चौथ्या तासाला बोट कोण टोचतो! तोवर माणूस घरी जाऊन पंख्याखाली झोपलेला असतो.

पावसाळ्यात कोल्हापूरच्या माणसाच्या तोंडी एकच आकडा असतो: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट? ३९ ही इशारा पातळी, ४३ ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ. सकाळी ३६ फूट ४ इंच होतं, दुपारी ३७ झालं, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले का, रात्रीत किती चढेल, यावर पानपट्टीपासून बँकेपर्यंत तज्ज्ञांची चर्चा चालते. शुगरलाही अशाच दोन रेघा मारलेल्या आहेत. उपाशीपोटी शंभरच्या वर गेली की इशारा, १२६ ला धोका. तीन महिन्यांच्या सरासरीची जी तपासणी असते, एचबीएवनसी, तीत ५.७ ला इशारा, ६.५ ला धोका. पण पंचगंगेचं पाणी इंचात सांगणाऱ्या माणसाला त्याची शुगर विचारा. 'असंल की. थोडी बॉर्डरवर हाय म्हणत हुते.' आयसीएमआरच्या २०२३ सालच्या पाहणीप्रमाणं देशात १० कोटींवर मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटींवर लोक या बॉर्डरवर. आमच्याकडं बॉर्डरवर असणं हा एक सन्मानाचा हुद्दा आहे. तिथं उभ्या असलेल्या माणसाला गोळी घ्यावी लागत नाही आणि जिलेबी नाकारण्याचा मान मात्र मिळतो. पुराचं पाणी बघायला हाच माणूस रोज घाटावर जातो आणि भिजलेल्या अंगानं पाणी बघायचं म्हणजे हातात भजी ही हवीतच.

तीन महिन्यांच्या त्या तपासणीबद्दल लोकांच्या मनात एक आकस आहे. जुनी तपासणी बरी होती, दोन दिवस आधी लंघन केलं, कारलं प्यालं, मुकाट भाकरी खाल्ली की आकडा वळणावर यायचा. ही नवी बया तशी वळत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या दिवसांत जी साखर भेटेल ती अंगाला चिकटवून घेत फिरतात. तुम्ही परवापासून सुधारलात, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. दिवाळीचा चिवडा त्यांनी बघितलेला असतो, चकलीही बघितलेली असते.

मधे २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात घराघरांत दोन पक्ष पडले होते. एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षित: दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरका. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर: थोडं थोडं खा, वेळच्या वेळी खा, आपल्या मातीतलं खा. नवरा दीक्षितांचा आणि बायको दिवेकरांची अशी घरं मी बघितली आहेत. तिथली चूल दिवसभर विझत नसे. कोल्हापूरनं दोघांनाही आपलंसं केलं. दिवेकरांचं 'मातीतलं खा' म्हटल्यावर मिसळीला उघडच परवानगी मिळाली. दीक्षितांची ५५ मिनिटं तर काही जणांनी आव्हान म्हणूनच घेतली. घड्याळ लावून मिसळ, वडा, पुन्हा कट, ताक, असा सगळा क्रम ५२ व्या मिनिटाला संपवून विजयी मुद्रेनं हात धुणारा माणूस दोन्ही तज्ज्ञांनी कधी बघितला नसेल. मधल्या वेळात काही खात नाही, हे तो प्रामाणिकपणे पाळायचा.

२०२५ च्या जुलैत समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखे इशारे येणार अशी हूल उठली होती. नागपूरच्या एम्सचं नावही त्यात गाजलं. मग केंद्रानं खुलासा केला की कचेऱ्यांमधून तेल आणि साखर किती खाताय हे सांगणारे फलक लावायचे आहेत, गाडीवाल्यांच्या मालावर शिक्के मारायचे नाहीत. आमच्या कट्ट्यावर तोवर निकाल लागलाही होता. 'समोसा आन् जिलेबी? दोन्हीबी आपली न्हवंत. बसा.'

घरची आघाडी वेगळी. आषाढ लागला की आमच्याकडं आखाड तळतात. गूळ घातलेल्या कणकेच्या कापण्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या. त्याच महिन्यात पी ढबाकच्या तालावर पंचगंगेचं नवं पाणी त्र्यंबोली देवीला जातं, गल्लोगल्ली जत्रा होतात, मटणाच्या पंगती उठतात. बाहेर धो धो पाऊस, उन्हाचा पत्ता नाही, फिरायला जाणं बंद, आणि पंचांगच सांगतंय की तळा. अशा वेळी शुगरवाल्यानं कुणाशी भांडायचं? मुलानं पुण्याहून हवेवर तळायचं यंत्र पाठवलं. बिनतेलाची भजी होतात म्हणाला. सौभाग्यवतींनी नेहमीचं पीठ भिजवून त्यात सोडलं. ते जाळीतून खाली गळलं, आणि वर उरलेल्या कांद्याचे दोरे वाळून कोळ झाले. मग तिनं त्यात शेंगदाणे भाजले, ते उत्तम झाले. यंत्र आता शेंगदाण्यांचं आहे.

आमच्या रंकाळ्याच्या ग्रुपनं यावर एक तोड काढली आहे, ती मला पटते. आधी भजी, मग चालणं. पूर्वी उलट होतं. तलावाला फेरी मारून आल्यावर 'कमावलंय' म्हणून दोन प्लेटी जायच्या. खाल्ल्यानंतर पायांना कामाला लावलं तर रक्तातली साखर तेच वापरतात, हे एका डॉक्टरांनी गळी उतरवलं. आता पाच जणांत एक प्लेट मागवतो. वाट्याला दोन येतात. एखादं भजं उरलं तर ते कुणी घ्यायचं, यावर फेरीभर वाद चालतो आणि त्यामुळं चालण्याचा वेगही चांगला राहतो. भजं कमी झाल्याचं दुःख मला वाटलं होतं तेवढं झालं नाही. हुकलं असतं तर ते गाडीपुढचं उभं राहणं, पावसात खांद्याला खांदा लावून मावशींच्या झाऱ्याकडं बघणं, आणि 'तिखट कमी का आज?' असं उगाच बोलणं. एवढं सगळं दोन भज्यांतही मिळतं. नाही म्हणायला तिसऱ्याकडं हात जातो; मावशी झारा आडवा धरतात.

तपासणीचा दिवस मात्र बघण्यासारखा असतो. सकाळी सात वाजता लॅबच्या बाकावर उपाशीपोटी आलेली मंडळी गप्प बसलेली असतात. रक्त काढून झालं की काउंटरवरची मुलगी सांगते, 'रोजचा नाश्ता करा, पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी परत या.' या 'रोजचा'नं मोठा पेच पडतो. काही जण त्या दिवशीपुरते दोन इडल्यांवर भागवतात. आकडा छान येतो, पण तो इडलीवाल्या अनोळखी माणसाचा. उरलेले रस्ता ओलांडून समोरच्या मिसळीच्या दुकानात शिरतात. आत शिरल्यावर कळतं की निम्मी लॅब तिथंच आहे. कुणी कुणाला ओळख देत नाही. 'आपला पहिला घास सव्वा आठला,' असं जो तो मनगटाकडं बघत पुटपुटतो.

परवा सव्वा दहाला सगळे पुन्हा बाकावर जमलो. माझ्या पुढं एक निवृत्त साहेब होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध. मुलीनं सुई तयार करता करता सहज विचारलं, 'काय खाल्लासा काका?'

'पोहे,' काका म्हणाले.

मुलीनं त्यांच्या खिशाकडं बघितलं. तिथं रुपयाएवढा तांबडा, तेलकट, कडा पसरत चाललेला डाग होता.

'पोह्यावर कट कुठं देत्यात काका?' ती म्हणाली. 'मलाबी पत्ता सांगा की.'